डिझेल जीप हिवाळ्यात गरमच होत नसेल तर दोष कसा शोधायचा

डिसेंबर-जानेवारीत साताऱ्यात पहाटे पारा दहा-बारा अंशांवर येतो आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी गवतावरचं दव गोठतं. या दिवसांत जुनी थार, बोलेरो, गुरखा किंवा एमएम ५४० घेऊन बामणोली-तापोळ्याकडे जाणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: तापमानाचा काटा पाव भागाच्या वर चढत नाही, हीटरमधून कोमट हवा येते, पांढरा धूर लवकर थांबत नाही आणि ॲव्हरेज पडतं. गॅरेजमध्ये विचारलं तर उत्तर मिळतं, "थंड चालतंय ना, मग चांगलंच आहे की!"

चांगलं नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते; दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर डिझेल पेटतं. सिलिंडरच्या भिंती थंड राहिल्या की फवाऱ्यातलं थोडं डिझेल न जळता भिंतीला लागतं, तिथलं ऑइल धुऊन काढतं आणि पिस्टनच्या रिंगांच्या कडेने खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली आणि ऑइलला डिझेलचा वास आला, तर हेच चाललंय. रिंगा आणि लायनर (सिलिंडरची आतली भिंत) यांची झीज गरम इंजिनापेक्षा थंड इंजिनात जास्त होते. बीएस-६ गाडीत आणखी एक भानगड: इंजिनातलं पाणी (कुलंट) पुरेसं गरम झाल्याशिवाय डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, सफाई सुरूच होत नाही, मग काजळी साठते आणि डीपीएफचा दिवा लागतो.

ऑइल भरायच्या झाकणाखाली सायीसारखा पांढरट थर जमतो, तो पाहून लगेच हेड गॅस्केट गेलं म्हणून घाबरू नका. थर फक्त झाकणाला असेल, डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत नसेल, तर ती वाफ आहे. इंजिन गरम न झाल्याने उडून न गेलेली. डिपस्टिकवरही दुधाळ ऑइल दिसलं आणि पाणीही घटतंय, तर मात्र गाडी जागेवर ठेवा. तो वेगळा आजार.

कशाला दोष म्हणायचं आणि कशाला नाही

सकाळी सेल्फ मारून मारून गाडी सुरू होत नाही, पण एकदा सुरू झाल्यावर काटा नीट चढतो, तर ग्लो प्लग (सुरू करताना सिलिंडर तापवणारे), बॅटरी किंवा डिझेल लाइनमध्ये शिरणारी हवा यांच्याकडे बघायचं. या लेखातला दोष गाडी सुरू झाल्यानंतरचा आहे.

दुसरं म्हणजे, डिझेल इंजिन मुळातच थंड स्वभावाचं असतं. आयडलवर हवा जवळपास पूर्ण भरून आत येते आणि डिझेल अगदी थेंबभर पडतं. अडीच लिटरचं इंजिन आयडलवर तासाला लिटरभरही डिझेल जाळत नाही. त्यामुळे कॅम्पवर पहाटे वीस मिनिटं गाडी नुसती चालू ठेवली आणि काटा हलला नाही, तर तो दोष नव्हे. तशी गाडी गरम करूही नये. अर्धा-एक मिनिट थांबून, पहिले काही किलोमीटर हलक्या पायाने चालवली की इंजिन लवकर गरम होतं. पसरणी घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरताना काटा थोडा खाली येणंही साहजिक आहे, कारण ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल जवळपास बंद होतं आणि इंजिन नुसती हवा ढकलतं. हीटरचा ब्लोअर फुल असेल तर आणखी थोडा उतरेल.

दोष म्हणायचा तो असा: सकाळच्या थंडीत सपाट रस्त्यावर दहा-बारा किलोमीटर चालवूनही पाणी ८० अंशांच्या आसपास पोचत नाही, किंवा पोचून पुन्हा ६०-६५ वर घसरतं.

सगळ्यात आधी पाणी

रात्रभर उभ्या, पूर्ण थंड गाडीत रेडिएटरचं झाकण उघडून आतली पातळी बघा. ज्या गाडीत रेडिएटरला झाकणच नाही, तिथे दाबाच्या टाकीवरची खूण बघायची. साधी प्लॅस्टिकची रिझर्व्ह बाटली भरलेली दिसली म्हणून समाधान मानू नका. झाकणातला परतीचा छोटा व्हॉल्व्ह खराब असेल किंवा बाटलीची नळी चिरलेली असेल, तर बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असं होतं.

ही तपासणी पहिली का? पाणी कमी असलं की तापमानाचा सेन्सर पाण्याबाहेर, हवेत उघडा पडतो. हेड तापून लाल व्हायच्या बेतात आणि काटा मात्र तळाला. काटा खाली असूनही इंजिन मरू शकतं ते इथेच. पाणी कमी असेल तर आधी गळती शोधा, पुढचं सगळं नंतर.

काटा खरं बोलतोय का

थर्मोस्टॅट (पाणी गरम होईपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप, गॅरेजच्या भाषेत "वॉल") बदलायला धावण्याआधी तापमान दुसऱ्या एखाद्या साधनाने मोजा. सीआरडीई (कॉमन-रेल) किंवा त्यानंतरच्या गाड्यांत ओबीडी सॉकेटला, म्हणजे दोष वाचायच्या जोडणीला, ब्लूटूथ स्कॅनर लावला की मोबाइलवर पाण्याचं तापमान आकड्यात दिसतं. डॅशबोर्डच्या काट्यापेक्षा हा आकडा कितीतरी उपयोगी, कारण बऱ्याच नव्या गाड्यांत काटा मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो. पाणी ७५ असो वा १००, तो हलत नाही. दोष-कोड पी०१२८ मिळाला तर त्याचा अर्थ हाच, की इंजिन ठरलेल्या वेळेत थर्मोस्टॅटच्या तापमानापर्यंत पोचलं नाही.

जुन्या मेकॅनिकल डिझेल पंपाच्या गाडीत इन्फ्रारेड थर्मामीटर वापरा. एक सावधगिरी मात्र लागते. चकचकीत ॲल्युमिनियमवर नेम धरला तर आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी येतो. थर्मोस्टॅट हाउसिंगच्या (थर्मोस्टॅट ज्यात बसतो त्या धातूच्या घराच्या) इंजिनाकडच्या बाजूला काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि मोजमाप त्या टेपवरच घ्या. पृष्ठभाग आतल्या पाण्यापेक्षा काही अंश थंड असतो, तेवढी सूट धरा.

मोजलेलं तापमान ८५ आणि काटा तळाला, म्हणजे दोष विजेचा. एका वायरच्या जुन्या सेंडरवर (काट्याला तापमान कळवणाऱ्या सेन्सरवर) तपासणी सोपी आहे. इग्निशन ऑन करा, सेंडरची वायर काढा आणि क्षणभर इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा. काटा सरळ गरमच्या टोकाकडे गेला तर मीटर आणि वायर ठीक, सेंडर खराब. काटा हललाच नाही तर फ्यूज, वायर किंवा मीटर बघा. दोन वायरच्या, ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) जोडलेल्या सेन्सरवर हा प्रयोग करू नका. तो मल्टिमीटरने मोजायचा: बॉश पद्धतीचा सेन्सर २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना सव्वातीनशेच्या आसपास दाखवतो. तापमान वाढलं की रोध घटतो, त्यामुळे गंजलेल्या कनेक्टरचा फुकटचा रोध मध्ये आला की मीटर "थंड" वाचतं. ओढ्यातून किंवा कोयनेच्या काठच्या चिखलातून गाडी काढल्यावर काटा पडला असेल, तर आधी हा कनेक्टर उघडून वाळवा आणि साफ करा.

सेंडर नुकताच बदलला असेल तर त्याच्या चुड्यांवर (आट्यांवर) टेफ्लॉन टेप गुंडाळलाय का बघा. एका वायरच्या सेंडरचं अर्थिंग चुड्यांतूनच होतं. जाड टेप लावला की अर्थ कच्चा आणि काटा कायमचा खाली. इंजिन-चासी अर्थिंगची पट्टी सैल असेल तरी हाच खेळ.

वरच्या होसची परीक्षा

तापमान खरंच कमी निघालं, तर संशयाचं पहिलं बोट थर्मोस्टॅटकडे, आणि ते खोलण्याआधीच बरंच काही कळतं.

थंड इंजिन सुरू करा आणि रेडिएटरला जाणाऱ्या वरच्या होसला दर मिनिटाला हात लावून बघा. बाही वर, गळ्यात मफलर नको, हात फॅनपासून लांब. इलेक्ट्रिक फॅन असेल तर तो न सांगता सुरू होतो. थर्मोस्टॅट चांगला असेल तर हेड गरम होत जातं, पण होस बराच वेळ गारच राहतो. मग पाणी ८०-८२ ला पोचलं की होस मिनिट-दीड मिनिटात एकदम चटका बसेल इतका तापतो. होस पहिल्या काही मिनिटांपासूनच इंजिनाबरोबर हळूहळू कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा जागेवरच नाही. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या होसच्या बाजूला, पंपाच्या तोंडाशी असतो; तिथे हीच परीक्षा खालच्या होसवर करायची.

आयडलवर वेळ लागत असेल तर रस्त्यावर घ्या. सकाळी महामार्गाने साताऱ्याहून उंब्रजकडे साठ-सत्तरच्या वेगाने, एसी बंद ठेवून जा. गार वारा भरपूर, इंजिनावर भार कमी. उघडा अडकलेला थर्मोस्टॅट इथे हमखास पकडला जातो. मग यवतेश्वरचा घाट चढा. चढाला आकडा ८०-८५, पोवई नाक्याच्या गर्दीतही बरा, पण मोकळ्या महामार्गावर ६०-६५, असा नमुना मिळाला तर आणखी पुरावा लागत नाही. सगळीकडेच सारखा थोडा कमी असेल, तर कमी अंशांचा थर्मोस्टॅट बसवलाय का बघावं लागेल.

थर्मोस्टॅट काढून पातेल्यात

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच झाकण उघडा. रेडिएटरच्या खालच्या नळातून हाउसिंगच्या खाली पातळी येईपर्यंत, बहुतेक गाड्यांत तीन-चार लिटर, कुलंट स्वच्छ बादलीत काढा. कुत्री-मांजरं कुलंट चाटतात आणि ते विषारी असतं, म्हणून बादली झाकून ठेवा. हाउसिंगचे दोन-तीन बोल्ट ॲल्युमिनियममध्ये असतात; गंजलेले असतील तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि जोर लावू नका. बोल्ट तुटला तर अर्ध्या तासाचं काम दोन दिवसांवर जातं.

हाउसिंग उघडल्यावर आपल्या भागात सर्रास दिसतं ते असं: आत काहीच नाही. किंवा थर्मोस्टॅटची मधली चकती ठोकून काढलेली आणि नुसती बाहेरची रिंग पॅकिंगसारखी बसवलेली. मागच्या उन्हाळ्यात गाडी तापली होती, कुणीतरी "वॉल काढून टाका" म्हणालं आणि परत बसवायचं राहून गेलं. हिवाळ्यात थंड चालणाऱ्या जुन्या जीपमध्ये हे इतक्या वेळा निघतं की गाडी सेकंड हँड घेतली असेल तर मी आधी हेच धरून चालेन.

बऱ्याच थर्मोस्टॅटना खालच्या बाजूला दुसरी चकती असते. मुख्य तोंड उघडलं की ही चकती बायपासचं, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी इंजिनातच फिरवणाऱ्या वाटेचं, तोंड बंद करते. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा राहतो आणि बरंचसं पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरतं. म्हणजे अशा गाडीत थर्मोस्टॅट काढल्याने हिवाळ्यात इंजिन गार राहतं आणि मे महिन्यात घाट चढताना उलट जास्त तापतं.

थर्मोस्टॅट सापडला तर त्यावर ठोकलेला आकडा वाचा: ८२, ८८ असा. तो उघडायला लागण्याचा आकडा. पूर्ण उघडायला आणखी बारा-पंधरा अंश लागतात. खोलीच्या तापमानाला तो उजेडासमोर धरा. कडेने उजेडाची रेघ दिसली तर तिथेच निकाल. बैठकीत क्षाराचा खडा किंवा जुन्या पॅकिंगचा तुकडा अडकला असेल तर काढून पुन्हा बघा. कडेला छोटं भोक आणि त्यात हलणारी पिन असते ती हवा जाण्यासाठी मुद्दाम दिलेली. तिला दोष समजू नका.

मग पातेलं. स्वयंपाकाचं नको, जुनं घ्या. थर्मोस्टॅट तळाला टेकता कामा नये, तळ पाण्यापेक्षा गरम असतो. युक्ती अशी: चकती जोराने दाबून फटीत जाड दोरा अडकवा, चकती सोडली की दोरा घट्ट पकडला जातो. त्या दोऱ्यानेच थर्मोस्टॅट पाण्यात लोंबता ठेवा, शेजारी थर्मामीटर, आणि पाणी हळूहळू तापवत ढवळत राहा. ज्या क्षणी तो दोऱ्यावरून सुटून खाली पडेल, तो उघडण्याचा क्षण. ८२ चा ८० ते ८४ दरम्यान सुटला तर उत्तम. ७० लाच सुटला तर बाद. पूर्ण उघडल्यावर चकती आठ मिलिमीटरच्या आसपास उचलली जाते. साताऱ्याच्या उंचीवर पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ ला, त्यामुळे ८८ चा थर्मोस्टॅट पातेल्यात पूर्ण उघडलेला दिसणारच नाही. त्याला खराब ठरवू नका. शेवटी गॅस बंद करून तो पुन्हा घट्ट मिटतो का बघा. गरम होताना नीट उघडणारे, पण मिटताना तिरके अडकणारे थर्मोस्टॅट खूप असतात आणि घाट उतरताना काटा थोडा नव्हे, पार खाली पडायचं कारण तेच.

नवा आणलेला थर्मोस्टॅटही बसवण्याआधी याच पातेल्यातून काढा. काही शे रुपयांची वस्तू, पण खोक्यात बंद आहे म्हणून चांगलीच असेल असं नाही. आणि कंपनीने दिलेला आकडाच घ्या. "७१ चा टाका, गाडी गार राहील" या सल्ल्याने दोष विकत घेतल्यासारखं होतं.

फॅन आणि पुठ्ठा

थर्मोस्टॅट चांगला निघाला तरच फॅनकडे वळा. व्हिस्कस फॅन (घट्ट तेल भरलेल्या कपलिंगवर फिरणारा) थंडीत सुरुवातीची एक-दोन मिनिटं घोंघावतो, हे ठीक. त्यानंतरही प्रत्येक रेसबरोबर आवाज चढत राहिला तर कपलिंग जाम आहे. इंजिन बंद आणि थंड असताना फॅन हाताने फिरवा: थोडा अडखळत फिरायला हवा, दगडासारखा घट्ट नको. जुन्या जीपचा साधा फॅन कायमच फिरतो, त्यात शोधण्यासारखं काही नाही. इलेक्ट्रिक फॅन थंड इंजिनावर एसी बंद असतानाही फिरत असेल तर रिले चिकटलाय, किंवा सेन्सरचा सिग्नल न मिळाल्याने ईसीयूने तो सुरक्षेसाठी चालू ठेवलाय. तरीही लक्षात घ्या, थर्मोस्टॅट घट्ट मिटत असेल तर एकटा फॅन इंजिन फार गार करू शकत नाही.

रेडिएटरपुढे पुठ्ठा किंवा पोतं लावायची ट्रकवाल्यांची युक्ती इथे नको. व्हिस्कस फॅनच्या मध्यावरची पट्टी रेडिएटरमधून येणाऱ्या गरम हवेवर चालते. पुठ्ठ्याने मधला भाग झाकला तर फॅनला गरमी कळतच नाही. सकाळी मेढ्यात बरं वाटतं आणि केळघर घाटाच्या निम्म्यात काटा लालमध्ये जातो.

काटा बरोबर असून फक्त हीटर गार असेल तर फायरवॉलमधून आत जाणारे दोन बारके होस चाचपा. दोन्ही गरम: आतली हवेची झडप किंवा तिची केबल. एक गरम, एक गार: हीटरचा कॉक बंद किंवा कोर (हीटरचा छोटा रेडिएटर) तुंबलेला. पाण्यात हवा अडकली असेल तर हीटर कधी गरम कधी गार होतो आणि आत पाणी खळखळल्याचा आवाज येतो.

बसवताना

बैठक पूर्ण साफ करा, जुनं पॅकिंग लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा; पटाशीने ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात आणि तिथूनच गळतं. थर्मोस्टॅटची स्प्रिंग आणि मेणाची डबी इंजिनाकडे, पिन सगळ्यात वर. तो खाचेत बरोबर बसलाय याची खात्री होईपर्यंत हाउसिंग आवळू नका. खाचेतून घसरलेला थर्मोस्टॅट आवळला की हाउसिंगचा कान तुटतो. बोल्ट आलटूनपालटून आवळा. आठ मिलिमीटरच्या बोल्टला २० न्यूटन-मीटरच्या आसपास पुरे. ओ-रिंग असेल तर वर सिलिकॉन थापू नका.

कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. बोअरचं जड पाणी घातलं तर थर्मोस्टॅटच्या बैठकीवरच क्षार बसतो आणि वर्षा-दोन वर्षांत पुन्हा हाच उद्योग. गाडीचं तोंड चढावर ठेवा, हीटर फुल गरमवर, झाकण उघडं, आणि आयडलवर थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबा. वरचा होस फडक्याने धरून अधूनमधून दाबा, बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, भरत राहा. झाकण लावा, एक चक्कर मारा, दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीत पातळी पुन्हा बघा आणि होसची परीक्षा परत घ्या. ऑइलमध्ये डिझेल उतरलं असेल तर ऑइल आणि फिल्टर याच वेळी बदला.

आधीच्या कुणी थर्मोस्टॅट काढून टाकला होता, अशी गाडी असेल तर काम अजून अर्धं बाकी आहे. ती तेव्हा ज्या कारणाने तापत होती ते कारण बहुधा अजून आत बसलेलं असतं: तुंबलेला रेडिएटर, रेडिएटरच्या जाळीत भरलेला चिखल, ढिलं झाकण, घसरणारा बेल्ट, झिजलेला वॉटर पंप. ते मार्च उजाडायच्या आत तपासून घ्या. मग एका दुपारी चार माणसं बसवून, एसी लावून केळघर घाट चढा, महाबळेश्वर-पाचगणीवरून पसरणीने वाईत उतरा. चढाला आकडा ९५ च्या आत आणि उताराला ७५ च्या वर राहिला तर बॉनेट बंद करायला हरकत नाही.